एकरी सव्वीसशे किलो

स्पेनहून आल्यावर आण्णांना पहिल्यांदा सांगितला तो हा आकडा. ते सोप्यात चंची उघडून बसले होते. त्यांनी सुपारी हातातच धरली आणि विचारलं, "आरं, गारपीट झाली हुती काय?"

गारपीट नव्हे, तिथला तो नियमच आहे. रिओहा प्रांतात लाल वाइनच्या द्राक्षाला हेक्टरी ६,५०० किलोची मर्यादा आहे. आपल्या हिशेबात एकरी साधारण २,६०० किलो. प्रत्येक बागायतदाराकडे एक कार्ड असतं. वाइनरीच्या काट्यावर ट्रॅक्टर चढला की वजन त्या कार्डावर नोंदवलं जातं. आमच्या सावळजच्या शिवारात एकरी बारा टन निघाले नाहीत तर शेजारी विचारतो, औषध चुकलं का? आणि तिथं जास्त माल धरणाराच चुकीचा ठरतो.

मुलगी बिल्बाव शहरात नोकरीला आहे. तिनंच तिकीट काढलं. "पप्पा, फळछाटणीच्या आत परत पाठवते, पण एकदा रिओहा बघाच," म्हणाली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, काढणी ऐन भरात. बिल्बावहून डोंगर ओलांडताना काचेवर भुरभुर पाऊस होता, आणि खाली उतरलो तर लख्ख ऊन. मागं वळून पाहिलं तर सिएरा दे कांताब्रियाच्या कड्यावर ढग अडकून बसले होते. समुद्राकडचा पाऊस हा डोंगर अडवतो आणि खाली एब्रो नदीच्या दोन्ही अंगांना द्राक्षं पिकतात. पाऊस कुठं अडतो आणि कुठं पडतो यावर आम्हा तासगाव तालुक्याच्या लोकांचं आयुष्य गेलंय, म्हणून मी गाडी थांबवायला लावली आणि तो डोंगर नीट बघून घेतला.

जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल एकटी उभी, मांडीएवढ्या उंचीची, खोड पिळवटलेलं, वर तीन-चार हात पसरलेले. जमीन पांढुरकी, चुनखडीची. जातीचं नाव टेम्प्रानियो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर, ही जात इतरांच्या आधी पिकते म्हणून. मी एक मणी तोंडात टाकला. काळा, जाड सालीचा, आत बिया. गोडी आपल्या बेदाण्याच्या मालासारखीच, पण साल चावली की जिभेला तुरटपणा धरतो. वाइनचा रंग आणि दम त्या सालीतच असतो. मणी मोठा झाला तर रसाच्या मानानं साल कमी पडते. आपण जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवून मणी फुगवतो, आणि त्यांना फुगलेला मणी नकोच आहे.

वेलींखाली वाळलेले घड पडलेले दिसले. मला वाटलं रोग आहे. मुलीनं तिथल्या माणसाला विचारून सांगितलं, उन्हाळ्यात हिरवे असतानाच ते कापून टाकलेत, उरलेल्यांना ताकद मिळावी म्हणून. विरळणी आपणही करतो, पण ती घड सुबक दिसावा म्हणून.

आरो नावाच्या गावात रेल्वे स्टेशनला खेटून वाइनरीज आहेत. त्यामागं एका किडीची गोष्ट आहे. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा आली आणि मुळं खाऊन बागाच्या बागा बसवल्या. फ्रान्समधल्या बोर्डोचे व्यापारी माल शोधत पिरेनीज डोंगराच्या अलीकडं आले, आणि २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन मुरवायची त्यांची रीत रिओहात चांगलीच रुजली. पुढं शतक संपता संपता कीड रिओहातही पोचली. इलाज एकच निघाला, अमेरिकेतल्या रानवेलीच्या खुंटावर आपली जात बांधायची. आमच्या बागेतला डॉगरिज हाही टेक्सासकडच्या रानवेलीचाच खुंट. तो आम्ही किडीसाठी नाही, कमी आणि खारट पाण्यासाठी लावतो. पण डोळा भरायची पद्धत तीच, आणि तिथल्या वेलीच्या बुडाशी कलमाची गाठ दिसली तेव्हा माझा हात आपोआप तिच्यावर गेला.

आरोतली लोपेझ दे एरेदिया ही वाइनरी १८७७ सालची आहे. डोंगर कोरून केलेल्या भुयारात पिंपांच्या रांगा, गारवा आणि ओल्या नारळासारखा वास. हा वास अमेरिकन ओकचा. भिंतींवर कोळ्यांची जाळी पडद्यासारखी लोंबत होती. ती मुद्दाम ठेवतात, कारण बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात. पिंपं त्यांच्याच आवारात सुतार घडवतात. वाइन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढताना मेणबत्तीच्या उजेडात धार बघतात, आणि गाळ दिसला की धार बंद. अंड्याच्या पांढऱ्यानं वाइन निवळायची जुनी रीतही चालू आहे.

थांबण्याचेही नियम आहेत. लाल क्रियान्सा दोन वर्षांनी बाजारात येते, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. रेसेर्वाला तीन वर्षं. ग्रान रेसेर्वाला पाच, त्यात निदान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. बाटलीच्या पाठीवर नियामक मंडळाचा नंबर घातलेला शिक्का असतो. क्रियान्साचा लाल, रेसेर्वाचा गडद तांबडा, ग्रान रेसेर्वाचा निळा. प्रांताच्या नावाला १९२५ सालापासून संरक्षण आहे, आणि १९९१ साली स्पेनमधला सगळ्यात वरचा दर्जा पहिल्यांदा रिओहालाच मिळाला.

तिथं सगळं सुखाचं आहे असं नाही. खप घटलाय, आणि २०२३ साली शिल्लक वाइन अल्कोहोल काढायला द्यायची वेळ आली होती. शेतकरी तिथंही भावावरून चिडलेला आहे.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पलूसला वाइन पार्क झालं, आणि मी एक एकर शिराझ ही वाइनची जात लावली. एका कंपनीशी करार होता. पहिली तीन वर्षं माल उचलला. चौथ्या वर्षी साखर बसत नाही म्हणाले, पाचव्या वर्षी फोन उचलेनात. वाइनचं द्राक्ष खायला चालत नाही, त्याला बाजार समितीत कोण विचारणार? काळे घड वेलीवर सुकले. आण्णा माळकरी, दारूच्या पिकाला पहिल्यापासून नको म्हणत होते, पण त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. करवत घेऊन माझ्याबरोबर बागेत आले. आम्ही वेली खुंटापाशी कापल्या आणि त्याच खुंटांवर सोनाका ही बिनबियांची जात बांधली. तोच एकर आज बेदाण्याला आहे. एकरी बारा टन द्राक्षाचा तीन टन बेदाणा होतो, १५ किलोच्या खोक्यात भरून शीतगृहात जातो, आणि उचल फेडायची वेळ आली की त्या दिवशीच्या सौद्यात निघेल त्या भावाला जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या एकाही खोक्यावर ते छापलेलं नाही. त्यासाठी कुणी मागं लागत नाही आणि मीही आजवर लागलो नाही, याचं मला वाईट वाटतं.

येताना रेसेर्वाची एक बाटली आणली. आण्णांनी ती हातात घेतली, पाठीवरचा शिक्का अंगठ्यानं चाचपला. "ह्यो नंबर कशाचा?" म्हणाले. मी सांगितलं. मग पुन्हा आकड्यावर आले. "अडीच टनात भागतंय कसं त्यांचं?"

"थांबतात, आण्णा. आणि नाव राखतात."

"थांबायला पैका लागतो," ते म्हणाले. ते खरंच आहे. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

ऑक्टोबरात छाटणी झाली. नोव्हेंबरात घड मोजायला गेलो. आम्ही वेलीवर चाळीस घड ठेवतो. विहिरीकडच्या दोन ओळींना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या आणि खाली हिरव्या घडांचा सडा. आण्णा कात्री पुसत बांधावर बसले होते. मी एक वेल मोजली, मग दुसरी. सगळ्यांवर अठ्ठावीस.

"ह्या दोन ओळींचा बेदाणा येगळा वाळवायचा," ते म्हणाले. "आन् खोक्यावर काय ते छापून आण."