तुम्ही विचारलंत म्हणून: ती बँक माझ्या घरात का आहे

घरात असलं कशाला ठेवतोस, आणि वर नवीन कॉप्या कशाला ओततोस? बहीण पुण्याहून फोनवर विचारते, इथे मिशिगनमध्ये मंडळातले विचारतात, म्हणून एकदाच लिहितो.

अमेरिकेतल्या बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीची १८८२ च्या पेटंटची बँक, म्हणजे ओतीव लोखंडाचा गल्ला. काळ्या माणसाचा अर्धा पुतळा, जाड लाल ओठ. हातावर नाणं ठेवून मागचा खटका दाबला की हात तोंडाशी जातो, डोळे वर फिरतात, नाणं आत. नाव ‘जॉली’ आणि पुढे काळ्यांना देतात ती शिवी, ती मी लिहिणार नाही.

माझ्याकडे ओरिजिनल एकच आहे. कॉप्या मी गॅरेजमध्ये वाळूच्या साच्यात अॅल्युमिनियमच्या ओततो, विकत नाही, तळाला चालू साल कोरतो. धातू थंड होताना आक्रसतो म्हणून कॉपी किंचित लहान येते, जाणकार त्यावरूनच नक्कल ओळखतात. मला या कामाचं वेड आहे, आणि इतिहास इतिहास करत मी बरीच वर्षं ते वेड झाकलं हेही खरं.

चार वर्षांपूर्वी गणपतीला ऑफिसमधला मित्र आला, काळा आहे, सोबत सात वर्षांची मुलगी. ओरिजिनल कपाटात बंद, कॉपी बाहेर शेल्फवर, म्हणजे मला काहीतरी कळत होतंच ना? आम्ही सगळे आरतीत. मुलीने पेनी ठेवली, खटका दाबला आणि हसली, खळखळून हसली, मग दुसरी पेनी, डॅडी बघ हा पैसे खातो. तो वळला, बघितलं, तिच्या हातातली तिसरी पेनी अलगद काढून घेऊन खिशात टाकली. प्रसाद घेतला. दाराशी मला म्हणाला, चालते मस्त. एवढंच. आणि मी सॉरी म्हणायचं सोडून त्याला साचा कसा केला ते सांगायला लागलो. साच्याबद्दल!

आधी मी डेव्हिड पिलग्रिम यांचं नाव पुढे करायचो. इथे मिशिगनमध्येच बिग रॅपिड्सला त्यांनी जिम क्रो म्युझियम उभं केलंय, जिम क्रो म्हणजे काळ्यांना वेगळं ठेवणारे जुने कायदे आणि रीत, तिथे काळ्यांची टिंगल करणाऱ्या अशा हजारो वस्तू आहेत, बघा तिथेही आहेत म्हणायचो. पण तिथे माणूस मनाची तयारी करून जातो. आणि पिलग्रिम स्वतः काळे, अशी पहिली वस्तू त्यांनी लहानपणी विकत घेतली ती आपटून फोडली. मी ओततोय.

तरी टाकून दे म्हणता तेव्हा राग येतो. फोटोत ती नुसती कुरूप दिसते हो, खटका दाबल्यावर कळतं की ती मुलांना आवडावी म्हणूनच बनवलीय, शिवी त्या गमतीत आहे, आणि ते समजायला ती चालावी लागते. बहीण म्हणाली, मग गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू बनवून हॉलमध्ये ठेवशील? नाही ठेवणार. मग ही का, तर त्यावर मी फोन ठेवला.

त्यानंतरच्या दोन कॉप्यांना खटका बसवला नाही. खटके बनवलेत, डब्यात आहेत. मित्र दरवर्षी गणपतीला येतो, मुलीला आणत नाही, मी विचारत नाही.