एकतीस घरांचं कार्ड

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दुकानाची साफसफाई निघते तेव्हा गल्ल्याच्या तळाशी दोन वस्तू हमखास सापडतात. एक म्हणजे रबर लावलेला पावत्यांचा जुडगा, दुसरी म्हणजे कोपरे मऊ पडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. पावत्या मशीनच्या, दोनेक वर्षांपूर्वीच्या, आणि अगदी कोऱ्या. कार्ड पंचवीस वर्षांचं, पण त्यावरचा निळ्या बॉलपेनचा आकडा न् आकडा अजून वाचता येतो.

पावतीचा दोष नाही. तिच्यावर शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेनं काळा पडतो आणि पुढे उन्हानं, तेलकट हातानं, घामानं तो काळेपणा उडून जातो. जपून ठेवावी म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर आणखी लवकर उडते. दुपारी साडेतीनला अर्धं शटर वर करून बसलेल्या दुकानदाराला हे ठाऊक असतं. तरी तो पावती रबरात अडकवतो. पाठीवर पेनानं आकडा आणि तारीख लिहिली तर काम होईल, पण ते करणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

ही पिग्मीची, म्हणजे दारोदार फिरून गोळा होणाऱ्या रोजच्या छोट्या ठेवीची वेळ. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दुपारी पिग्मीवाला. पोदेर पाव देऊन पैसे नेतो, हा नुसतेच पैसे नेतो, तरीही गिऱ्हाईक हलायच्या आत येतो म्हणून दुकानदाराला त्याचा राग नसतो. गल्ल्यात शंभराची नोट असली तर हात पुढे होतो, नसली तर मान न वळवता उत्तर येतं, "आज ना रे, फाल्यां यो." आज नाही, उद्या ये.

पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. तो उडुपीहून आला. तिथं १९२५ मध्ये आठ हजार रुपयांच्या भांडवलावर एक बँक निघाली, हातमागवाल्यांची अडचण पाहून. काढणारे उपेंद्र पै, डॉ. टी. एम. ए. पै आणि वामन कुडवा. १९२८ पासून या बँकेची माणसं दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करू लागली. बँकेत जायला ज्याला सवड नाही, आणि गेलाच तर काउंटरवर उभं राहायला संकोच वाटतो, त्याच्याकडे बँकेनंच जायचं. चिमुकली ठेव म्हणून नाव पिग्मी. ती सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. आपल्या नाक्यावरच्या अर्बन बँकेत, पतसंस्थेत, सोसायटीत शब्द राहिला.

आता थोडा हिशेब, कारण पिग्मीला फुटकळ समजणारे तो कधी करत नाहीत. रोज पन्नास रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. वर्षाला १५,६०० रुपये. व्याज शेकडा तीन धरू, गोळा करणाऱ्याचं कमिशनही शेकडा तीन धरू. ऐकायला दोन्ही सारखेच, पण व्याज मिळतं शिल्लक रकमेवर. पैसे थेंबाथेंबानं येतात, त्यामुळे वर्षभराची सरासरी शिल्लक निम्मी, म्हणजे ७,८०० रुपये. तिच्यावर व्याज २३४. कमिशन मात्र गोळा झालेल्या सगळ्या रकमेवर, म्हणजे ४६८. बेरीज ७०२. सरासरी ७,८०० रुपये वापरायला मिळावेत म्हणून बँक ७०२ रुपये मोजते, शेकडा नऊ. एवढ्यात तिला मोठ्या ठेवीदाराची मुदत ठेव स्वस्त पडते, आणि ती घ्यायला कोणाला उन्हात स्कूटर पळवावी लागत नाही.

मग बँक हे करते कशाला? उत्तर त्या कार्डात आहे.

कार्डाची आखणी साधी असते. आडव्या ओळी बारा महिन्यांच्या, उभी घरं एकतीस. पैसे दिले की घरात आकडा आणि गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं. दिले नाहीत तर घर रिकामं. वर्षअखेरीला ते कार्ड कर्ज देणाऱ्यासमोर ठेवलं की ताळेबंद, विवरणपत्र, कशाचीच गरज उरत नाही. जून-जुलैत आकडे अर्ध्यावर आले आणि ऑगस्टपासून पुन्हा फुगले, तर बाई मासळी विकते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्या दिवसांत ती सुक्या नुस्त्यावर, म्हणजे सुक्या मासळीवर भागवते, पण घर रिकामं सोडत नाही. मे महिन्यात खातं मोडलं असेल तर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी: मिरची, सोलां (आमसुलं), खारवलेली मासळी. भाद्रपदाच्या तोंडावर मोडलं असेल तर कारण सांगायला नकोच, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या बाजारात सगळ्यांच्याच पिशव्या दिसतात. आणि खाणपट्ट्यातली, डिचोली, साखळी, उसगाव, सांग्याकडची जुनी कार्डं. २०१२ च्या पावसाळ्यानंतर घरं विरळ, मग जेमतेम भरू लागलेली, मार्च २०१८ नंतर पुन्हा विरळ. खाण बंद पडली की आधी ट्रकवाला थांबतो, मग टायरवाला, मग रस्त्याकडेला रस-ऑम्लेट विकणारा. अहवालात हे सगळं 'थकबाकीत वाढ' एवढ्या दोन शब्दांत येतं.

अशा कार्डावर वीस हजारांचं कर्ज द्यायचं आणि रोज दोनशेनं त्याच फेरीत वसूल करायचं, हा व्यवहार दूरच्या बँकेला जमत नाही. तिथं अर्ज जातो, माणूस जात नाही.

अंतराचं हे प्रकरण गोव्याला जरा जास्तच ठाऊक आहे. पोर्तुगीज अमलात इथली मोठी बँक म्हणजे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. लिस्बनला १८६४ मध्ये निघालेली, १८६८ पासून गोव्यात. इथल्या नोटाही तीच काढायची. रुपी सोळा तांगांची होती. १९५८ मध्ये एस्कुदो आला तो रुपीला सहा. (जुन्या माणसांच्या तोंडात तरीही तांगच राहिली.) या बँकेत लोकांनी दागिने तारण ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज यायच्या आधी ते सोनं लिस्बनला गेलं आणि परत आलं १९९१ मध्ये. तीस वर्षं. ज्या मुलीच्या लग्नासाठी बांगड्या सोडवायच्या होत्या, तिच्या मुलीचं लग्न व्हायची वेळ आली. बँक बुडाली नव्हती, हिशेब चोख होता, फक्त तिजोरी समुद्रापलीकडे होती.

मुक्तीनंतर दोन वर्षांत, १९६३ मध्ये, गोवा राज्य सहकारी बँक उभी राहिली, मागोमाग शहरोशहरी अर्बन बँका आणि गावोगावी सेवा सोसायट्या. सोसायटी म्हणजे तेव्हा एकाच छपराखाली रेशनचा तांदूळ, केरोसीन, युरिया आणि ठेवी. सहकार हा शब्द नवा होता, रीत तेवढी नवी नव्हती. गावकरीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची जमीन, पावणी (लिलाव) करून कसायला द्यायची, खर्च वजा जाता उरलेलं गावकारांत जोन, म्हणजे वाटा, म्हणून वाटायचं, हे इथं शतकांपासून चालू होतं. फरक एक आणि मोठा. जोन जन्मानं मिळायचा, आणि तोही पुरुषांना. बँकेचा शेअर कोणीही घ्यावा.

शेअरचे नियम मला फार आवडतात. त्याची किंमत वाढत नाही. सभासदत्व सोडताना दर्शनी किमतीएवढेच पैसे परत. शंभर रुपयांचे शेअर असोत की लाखाचे, मत एकच. कर्ज काढायचं तर बहुधा शेअर घ्यावे लागतात: साधारणपणे तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारणीला पाच. म्हणजे लाखाच्या विनातारणी कर्जातले पाच हजार शेअरमध्ये जातात आणि हाती पंच्याण्णव येतात. पहिल्यांदा कर्ज घेणारा दर वेळी यावर भांडतो. पण त्या पाच हजारांनी तो मालक झालेला असतो. सप्टेंबरअखेरीच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिथं उठून अध्यक्षांना जाब विचारायचा हक्क त्याला मिळतो. बहुतेक जण पातीस (पॅटिस) आणि चहा घेऊन घरी येतात, तो भाग वेगळा.

जवळ असण्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. कर्ज समितीवरचा माणूस अर्जदाराला ओळखतो, हीच या बँकेची ताकद. अर्जदार त्याचा विहिण-व्याही निघतो, देवळाच्या महाजनांपैकी निघतो, निवडणुकीत पॅनेलबरोबर फिरलेला निघतो, तेव्हा तीच ओळख नडते. पन्नास रुपयांची पिग्मी चुकवणाऱ्याला चौकात विचारता येतं, पन्नास लाख थकवणाऱ्याला लग्नाच्या मांडवात विचारता येत नाही. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. कारणं प्रत्येक बँकेची आपापली असतील, पण परवाना गेल्यावर ठेवीदार विचारतो एकच, माझे किती मिळणार? बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, त्याआधी ते लाखापुरतंच होतं. पाच लाख म्हणजे त्या बँकेतली तुमची सगळी खाती मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवचच नाही. पिग्मीवाला दोन्हीकडचा, स्कूटर तीच, मशीन तेच. पाटीवर 'बँक' आहे की 'सोसायटी' हे वाचायला दोन सेकंद लागतात, आणि माणसं दहा-दहा वर्षं वाचत नाहीत.

गडबडीची आणखी एक जागा म्हणजे ते मशीन. सकाळी शाखेत त्यात खाती भरून देतात, संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी उतरवून घेतात, रोख भरून घेतात. मधल्या आठ-दहा तासांत पैसा आणि नोंद एकाच माणसाच्या हातात. रोल संपला, बॅटरी उतरली, पावती उद्या देतो, असं तीनदा झालं की सावध व्हावं. पावतीवर आजची रक्कम पाहून उपयोग नाही, ती बरोबरच असते. खालची एकूण शिल्लक पाहावी आणि कालच्या शिल्लकेशी ताडावी. महिन्यातून एकदा शाखेतून उतारा घ्यावा. विश्वास नाही म्हणून नव्हे, कागद उडतो म्हणून.

आता क्यूआर आला आहे. पन्नास रुपये घरबसल्या टाकता येतात, कमिशन वाचेल, तो नऊ टक्क्यांचा हिशेबही सुधारेल. कित्येक दुकानांत क्यूआरची पाटी लागलीही आहे. तरी चारच्या सुमाराला माणसं रस्त्याकडे बघतात. रोज कुणीतरी येऊन मागावं लागतं, त्याशिवाय पैसा बाजूला पडत नाही. निदान मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

गल्ल्यातलं ते जुनं कार्ड फेकण्याआधी एकदा उलटून पाहावं. पाठीवर खाली, बारीक अक्षरांत, 'वारस' अशी ओळ असते. तिथं नाव असलं तर पैसे मिळवायला मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर बहुधा भागतं. नसलं तर नोटरीकडे वारसाचे कागद, नाहीतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली कारवाई, तिच्या फेऱ्या, आणि बारा-पंधरा हजारांसाठी एवढं करायला शेवटी कोणी जात नाही. दहा वर्षं हात लागला नाही की बँकेतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. नंतरही मागता येते, पण मागायचं असतं हे कुणाला तरी ठाऊक हवं ना.

कार्डाच्या पुढच्या बाजूची घरं चौदा नोव्हेंबरपर्यंत भरलेली. पंधरा तारखेपासून काही नाही. आणि मागची ओळ कोरी. खातं उघडतानाच पिग्मीवाल्यानं विचारलं असणार, नाव काय घालूं? आणि मालकानं मान न वळवता सांगितलं असणार, फाल्यां.