पासबुकाचं रेग्झिन उतरवताना

डिचोलीतल्या एका पतसंस्थेचं जुनं ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. निळं रेग्झिनचं पासबुक, कडेनं पांढरी शिवण, पान उलटलं की कागदाचा आवाजसुद्धा! ‘पैसे भरा’चं बटण पितळी, वरून उजेड, खाली सावली. कुणीतरी हौसेनं केलेलं काम होतं. अध्यक्षांचं म्हणणं मात्र एवढंच, “जुनाट दिसतं हो. आता सगळ्यांचं असतं तसं साधं करून द्या.”

ते ॲप बनलं त्या काळी सगळ्यांचंच तसं नटवलेलं होतं. आयफोनवर पुस्तकांच्या आयबुक्स ॲपला लाकडी फळ्या होत्या, खेळांच्या गेम सेंटरला जुगाराच्या टेबलावरचं हिरवं कापड. २०१२ च्या ऑक्टोबरात ॲपलमध्ये आयफोनचं सॉफ्टवेअर सांभाळणारे स्कॉट फॉर्स्टॉल यांच्या जाण्याची घोषणा झाली, सॉफ्टवेअरचं रूपडं तिथलेच डिझायनर जॉनी आईव्ह यांच्याकडे आलं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ या आयफोनच्या नव्या प्रणालीनं हे सगळं खरवडून काढलं. तरी पहिला मान मी ॲपलला देणार नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोन ७ मध्ये २०१० सालीच रंगीत चौकोन आणि ठसठशीत अक्षरांवर भागवलं होतं.

आमच्यासाठी प्रश्न फॅशनचा नव्हताच. जुन्या ॲपमध्ये प्रत्येक बटण म्हणजे एक चित्र, आणि प्रत्येक मापाच्या पडद्यासाठी त्याची वेगळी प्रत. एक शब्द बदलायचा तर सगळी चित्रं पुन्हा बनवा.

रेग्झिन, शिवण, पितळ पटापट गेलं. सावल्या काढल्या आणि गाडी अडली. पिग्मी गोळा करणाऱ्या एका काकांच्या हातात कच्चं ॲप दिलं, तर ते वरच्या मथळ्यावरच बोट आपटत राहिले. “बाय, दाबायचं कुठं ह्यात?” त्यांचं बरोबर होतं. मथळाही निळा, बटणही निळं, दोन्ही सपाट. सावली शोभेची वाटत होती, पण ‘इथे दाब’ हे तीच सांगत होती. ॲपललाही २०१४ मध्ये आयओएस ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवायची सोय द्यावी लागली. आम्ही ठरवलं, निळा रंग फक्त दाबायच्या गोष्टींना. मथळे काळे. बटणाखाली अगदी पुसटशी सावली परत आली.

मग अक्षरं. आमच्यातल्या एका पोराला बारीक करडी अक्षरं फार आवडायची. ऑफिसच्या एसीत ती सुरेख दिसायचीही. काकांनी भर दुपारी बाजारात फोन उघडला तेव्हा ‘शिल्लक’मधली वेलांटी आणि ‘नोंद’वरचा अनुस्वार, दोन्ही उन्हात विरघळले होते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, हे आम्ही वाचलेलं होतं. काकांनी डोळ्यांवर हाताची झापड धरून ते दाखवून दिलं. अक्षरं काळी आणि जाड झाली. लिंकखालची रेघही काढली, कारण ‘पुढे’, ‘सुरू’ यांचे उकार ती सरळ कापत होती.

एका बाबतीत मी हटूनच बसले. प्रत्येक व्यवहाराचं वेगळं कार्ड, म्हणजे सुटी चौकट, करायची सूचना आली होती. दिसायला ते छान होतं, पण तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक हे रकाने पासबुकात वर्षानुवर्षं याच क्रमानं आहेत आणि लोक हिशेब उभा वाचतात. नजर शिल्लकेच्या रकान्यावरून सरळ खाली उतरते. रेग्झिन ही नक्कल होती, रकाने नव्हेत. ते जसेच्या तसे ठेवले.

२०२५ च्या जूनमध्ये ॲपलनं ‘लिक्विड ग्लास’ हे नवं काचेसारखं रूप दाखवलं आणि चकाकी, पारदर्शकपणा पुन्हा आला. अध्यक्षांच्या आयफोनवर ते पोहोचल्यावर लगेच फोन, “आपल्या ॲपला काच बसवता येईल का हो?” म्हटलं, बसवू, पण आधी काकांच्या अँड्रॉइडवर बाजारात दाखवू. त्यावर त्यांनी विषय बदलून नव्या शाखेचा पत्ता ॲपमध्ये कधी येणार, ते विचारलं.