बावट्याचा नंबर आणि वादळाची बाजू

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमची नौका दर्यात होती. घरात हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक वाचणारी मी एकटी, त्यामुळे ते वाचून वायरलेसवरून आमची नौका चालवणाऱ्या तांडेलकाकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही कोकणातल्या हर्णै बंदराचे. वादळाचा इशारा म्हणून बंदरावरच्या खांबावर जी खूण चढवतात, तो बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे लहानपणापासून कानावर आहे. पावसाळ्यात तो लागतोच, त्यामुळे त्याने कुणी दचकत नाही. बावटे एक ते अकरा. आकडा जितका मोठा तितकं वादळ मोठं, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. बातम्याही तशाच येतात.

१४ मेला लक्षद्वीपजवळ डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, तयार झालं आणि त्याच रात्री त्याचं चक्रीवादळ झालं. ताशी ६२ किलोमीटर वाऱ्यापासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी पत्रक निघतं. वारा नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, दिलेला असला की दुप्पट करायचा आणि थोडा कमी धरायचा, म्हणजे किलोमीटर मिळतात. मी वाऱ्याचा वेग, अंतर, सगळं भराभर सांगायला लागले, तर काकांनी मध्येच थांबवलं. “आकडे राहू देत गो. वादळ आपल्या कुठल्या अंगाने जाणार, ते आधी सांग.”

बावट्यांची सगळी मांडणी या एका प्रश्नावर उभी आहे. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच वादळी हवेचा धोका. पाच, सहा आणि सात मात्र एकापेक्षा एक मोठे नाहीत. वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जाणार असेल तर पाच, उजव्या हाताला ठेवून जाणार असेल तर सहा, बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात. हात धरायचा तो वादळाच्या चालीच्या दिशेने तोंड करून. आठ, नऊ, दहा हीच तीन बाजूंची मांडणी, फक्त वादळ तीव्र. दिवसा खांबावर काळे शंकू आणि पिंपासारखे आकार चढतात, रात्री लाल-पांढरे दिवे.

तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होतं, म्हणजे आमचा किनारा त्याच्या उजव्या हाताला. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. तेव्हा वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून, वादळ समोर आलं की दक्षिणेकडून आणि पुढे गेलं की नैर्ऋत्येकडून. अंजर्ल्याची खाडी आम्हाला जवळची, पण तिच्या तोंडाशी गाळ. भरतीशिवाय आत शिरणं धोक्याचं. काकांनी नौका थेट जयगडच्या खाडीत नेली. वारा फिरणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे दोन नांगर दोन दिशांना टाकले, दोर ढिला ठेवला, आणि शेजारच्या नौकेवर आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना जुने टायर बांधले. १६ तारखेला वादळ आमच्या समोरून गेलं तेव्हा ते अतितीव्र झालेलं होतं. वारा दक्षिणेकडे वळला तशी नौका नांगरावर फिरली आणि तोंड वाऱ्याला धरून उभी राहिली.

त्या दिवशी वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. अकरा नंबर असतो तो अशाच वेळेसाठी. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आणि धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला वाटलं, तर तो स्वतःच्या अंदाजाने हा बावटा लावतो. अकरा म्हणजे सगळ्यात मोठं वादळ, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

हाँगकाँगमध्येही पूर्वी पाच ते आठ हे आकडे वाऱ्याच्या चार दिशांसाठी होते आणि लोक त्यांना जोराची चढती श्रेणी समजायचे. १९७३ पासून तिथे त्या चौघांना मिळून आठ हा एकच आकडा दिला आणि पुढे दिशा जोडली. आपल्याकडेही असं काही व्हावं असं मला फार वाटतं. निदान बातमी देताना नंबरासोबत वादळाची बाजू सांगायला काहीच अडचण नाही.

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर आता पत्रकाचा मराठी सारांश मी लिहिते. पहिल्या ओळीत वादळाची बाजू, दुसऱ्या ओळीत वारा कुठून कुठे फिरणार ते. नंबर त्याच्या खाली.