येसर आमटी आणि ‘दोन हजार वर्षांची चव’

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात. मी लामतुरे संग्रहालयासाठी गेलो. तिथले मणी, मातीच्या मूर्ती आणि मग त्रिविक्रम मंदिर, हे सगळं दुपारी एकच्या आत आटोपलं. लिहायला बसलोय ते त्यानंतरच्या जेवणामुळे.

खानावळीवर पाटी होती: ‘दोन हजार वर्षांची अस्सल गावरान चव’. ताटात जवारीची भाकरी, येसर आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ), कारळाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा. चव फक्कड होती, पाटी मात्र डोक्यात गेली.

दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या वाटाड्या-पुस्तकात गुजरातच्या भडोच बंदराहून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, असा रस्ता दिलाय. इथलं कापड धड वाटा नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला जायचं. त्याच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत पिंपळी आहे. तेव्हाच्या आमटीचा तिखटपणा अशा पिंपळीचा, मिऱ्यांचा, आल्याचा. मिरची अमेरिकेची, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली, आणि आपण तिला नाव दिलं तेसुद्धा मिऱ्यावरून. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे ठेचा आख्खा बाद! कारळ इथिओपियाकडचं. जवारी-बाजरी आफ्रिकेच्या, पण त्या तगर भरभराटीला येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे रुळल्यात, त्यांना गावरान म्हणायला माझी हरकत नाही. जन्माने इथले म्हणावेत असे त्या ताटात मोजकेच, आमटीतले तूर, उडीद आणि तीळ. ‘तेल’ हा शब्दच तिळातून निघालाय.

हे खानावळीच्या मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “पाटी पोरानं लावली, मला इचारलं नाही. आमटी वाढू का अजून?”

येसरचं प्रमाण मात्र त्यांनी हातचं न राखता दिलं. बाजरी दोन वाट्या, जवारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने एकेक वाटी, उडदाची डाळ अर्धी, जिरे आणि तीळ पाव-पाव वाटी, वर थोडं दगडफूल, तमालपत्र, चार-सहा लवंगा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. हरभऱ्याची डाळ लाल होईपर्यंत सोबतचे जिरे जळून कडू होतात, आणि मग ते कडूपण कशानेच जात नाही. तीळ सगळ्यात शेवटी, तडतडले की लगेच उतरवायचे. दगडफूल आधी निवडून घ्या, त्यात खडे आणि सालपटं असतातच. नावात फूल असलं तरी ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळाची जोडी आहे, दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारं. सुकं खोबरं येसरात दळू नका, महिन्या-दोन महिन्यांत सगळंच खवट होतं. ते आयत्या वेळच्या वाटणात घाला.

चार माणसांना तीन मोठे चमचे येसर आणि लिटरभर पाणी. फोडणीला कांदा, लसूण, खोबऱ्याचं वाटण, मग पाणी. येसर गार पाण्यात कालवून उकळीत धारेने सोडायचं. कोरडंच टाकलं तर पिठाचा वरचा थर लगेच शिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. घरोघरी इथेच फसतं. तुरीचं वरण घोटून घातलं तर उत्तम. दहा मिनिटं ढवळत उकळा, नाहीतर तळाला बसतं आणि करपतं. पातळच उतरवा. ताटात येईपर्यंत दाटते, आणि दाट येसर आमटी म्हणजे पिठलंच.

लातूरच्या रस्त्याला जवारीच्या कडेने कुठे कुठे अजून करडीच्या ओळी दिसतात. काटे असल्याने जनावरं आत शिरत नाहीत. कापणी पहाटे करतात, दवाने काटे मऊ असतात आणि बोंडं फुटून बी सांडत नाही. उन्हं चढल्यावर हात घातला तर सोलवटून निघतात. पूर्वी करडी पेरायची ती तेलाइतकीच पाकळ्यांच्या कुसुंबी रंगासाठी. येसरच्या फोडणीला तिचंच तेल हवं, असं मावशींनी बजावलं होतं. लातूरला दोन दुकानांत विचारलं. दोन्हीकडे सोयाबीनचं होतं.