बारा शून्यं

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यासाठी आम्ही ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, केलं होतं. त्यातल्या माल आवकीच्या, म्हणजे 'इनवर्ड'च्या स्क्रीनबद्दल एकच तक्रार होती: लई वेळ खाते. माझ्याकडे तीन महिन्यांचे लॉग, म्हणजे स्क्रीनवर काय आणि कधी झालं याच्या आपोआप झालेल्या नोंदी, होत्या. गेटवर जायचं कशाला, म्हणून ऑफिसातच बसले.

एका नोंदीला सरासरी 11 मिनिटं! घाबरून निम्मे रकाने उडवणार होते, तेवढ्यात मध्यक, म्हणजे सगळे वेळ क्रमाने लावून त्यातला मधला, काढून पाहिला. दीड मिनिट. स्क्रीन उघडी टाकून जेवायला जाणाऱ्यांनी सरासरी फुगवली होती.

मग एसयूएसची, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं वाटतं ते मोजणारी, 10 प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करून पाठवली. बऱ्याच जणांचे गुण बरोब्बर 50. त्यातली विधानं आलटूनपालटून कौतुकाची आणि तक्रारीची असतात, त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात टिक केली की 50च येतात. साहेब मागे उभे असताना भरलेले फॉर्म ते. फेकून दिले.

रकानानिहाय लॉग पाहिला तर सगळ्यात जास्त लाल एरर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठीच्या सरकारी ऑनलाइन कागदाच्या, क्रमांकावर. 12 आकडे, टायपताना चुकत असणार. चार-चारचे गट पाडून नवं डिझाइन केलंसुद्धा. मग सहज सेव्ह झालेल्या नोंदी उघडल्या. 000000000000. खाली पुन्हा तेच. पानंच्या पानं.

दुसऱ्या दिवशी गेटवर. स्टोअरकीपर काका टेम्पोवाल्याचं चलन हातात धरून म्हणाले, "मॅडम, सातपूरहून जॉबवर्कचा माल येतो, वीस-तीस हजाराचा. त्याला कुठलं आलंय ई-वे बिल? पण तुमचं सॉफ्टवेअर पुढंच जाऊ देईना. मग हाणतो शून्यं. कधी अकराच पडतात, की झालं लाल."

खरंच होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागतच नाही. आणि तो रकाना सक्तीचा केला होता मीच, डेमोत अकाउंट्सवाल्यांना बरं वाटावं म्हणून.

आता आधी किंमत आणि माल कुठून आला ते विचारतो. गरज असेल तरच तो रकाना उघडतो. शून्यं थांबली. गट पाडलेलं डिझाइन तसंच पडून आहे.

एक मात्र राहिलंय. लॉगमध्ये निम्म्याहून जास्त नोंदी अजून संध्याकाळी पाचनंतरच्या आहेत. काका दिवसभर जाडजूड रजिस्टरात लिहितात आणि सुट्टीच्या आधी सगळं एकदम चढवतात. का, म्हणून विचारलं, तर कीबोर्डकडे बोट दाखवलं. हाताला ग्रीस होतं.