रंगाआधीचे विमान

आमच्या हस्तकलेच्या सरांनी छंदवर्गात आम्हाला प्लॅस्टिकची लढाऊ विमाने जोडायला शिकवले आणि रंगाच्या डब्या मात्र कपाटात कुलूपबंद ठेवल्या. विमान रंगवण्याआधीच घडते किंवा बिघडते, असे त्यांचे ठाम म्हणणे होते.

मॉडेल होते स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे, १:७२ प्रमाणातले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२३ मीटर, म्हणून आमच्या मॉडेलचा १५.६ सेंटिमीटर, हा भागाकार सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर करून घेतला आणि लगेच उलटा गुणाकारही सांगितला. धडाच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानाच्या पाठीवर ती ३६ मिलिमीटरची, म्हणजे दोन बोटे शिरतील एवढी भेग ठरेल. ‘अशा विमानात तुम्ही बसाल का?’ हा त्यांचा प्रश्न आम्हाला वर्षभर पुरला.

खोके उघडले की हात शिवशिवत, पण सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात, त्यांतून ते पिळून मोडायला सक्त मनाई होती. आधी सगळ्या चौकटी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायच्या, कारण साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या पदार्थाचा तेलकटपणा राहिला तर पुढे रंग धरत नाही. मग कटरने भाग थोडा लांबून कापायचा, उरलेला खुंट छाटायचा आणि कानशीने सपाट करायचा; एकदम लगत कापले की ताणाने प्लॅस्टिक पांढरे पडते, नाहीतर भागाचाच टवका निघतो. रंगाच्या कुलपाला अपवाद फक्त कॉकपिटचा, कारण धडाच्या दोन बाजू मिटल्यावर आत ब्रश नीट पोहोचत नाही.

जोडणीच्या द्रावणाला आम्ही गोंद म्हणत असू आणि सर दर वेळी दुरुस्त करत. ते पॉलिस्टायरीन विरघळवते, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणून भाग आधी कोरडेच जुळवून पाहायचे, टेपने आवळायचे आणि पातळ द्रावणात भिजलेल्या ब्रशचे टोक सांध्याला नुसते टेकवायचे. ओली रेघ आपोआप सरसर पुढे धावत जाई. विज्ञानाच्या पुस्तकातले केशाकर्षण मला खऱ्या अर्थाने समजले ते इथेच. मग दोन्ही बाजू हलकेच दाबल्या की मऊ प्लॅस्टिकची बारीकशी कड वर येते. ती पूर्ण कडक होईपर्यंत हात लावायचा नाही, हा या कामातला सर्वांत अवघड भाग होता, असे मला आजही वाटते.

स्पिटफायरचे खरे दुखणे पंखांच्या मुळाशी. तिथे फट दिसली की आमचा हात लांबीच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याच्या, ट्यूबकडे जाई, पण सर आधी एका पंखाच्या टोकापासून धडावरून दुसऱ्या टोकापर्यंत टेप ताणायला लावत. पंख किंचित वर उचलले जात, फट बरीचशी मिटे आणि या विमानाच्या पंखांचा वरच्या दिशेचा कलही नेमका साधे. लांबी हा शेवटचा उपाय. ती वाळताना आकसते, म्हणून घाईने घासली तर सांध्यावर पुन्हा खळगा पडतो.

घासायला वॉटर पेपर असे, आधी ४०० नंबरचा, मग ६०० आणि शेवटी १०००, तोही पाण्यात बुडवून. या घासण्यात पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषा पुसल्या जात. त्या टेपच्या कडेने सुई ओढून पुन्हा कोराव्या लागत. कॉकपिटवरचे काचेसारखे पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनॉपी, तेवढी साध्या पांढऱ्या गोंदाने बसवायची, कारण द्रावणाने ती धुरकट होते.

शेवटी सर डोळे मिटून सांध्यावरून आडवे नख फिरवत. नख अडले की विमान परत. रंगाने झाकले जाईल, असा युक्तिवाद वर्गात कोणीतरी हमखास करी. त्यावर सर त्या विमानाला राखाडी प्रायमरचा एक पातळ हात देत आणि प्लॅस्टिकवर न दिसलेला ओरखडान् ओरखडा उठून दिसे.

पुढचे रंगकाम चित्रकलेच्या बाईंकडे होते. त्याबद्दल लिहिण्याचा अधिकार, ज्यांची विमाने तिथे माझ्यापेक्षा कितीतरी सरस ठरली, त्या वर्गमित्रांचा आहे.